कॉइलची जागा

प्रश्न लहान असला की त्याचे उत्तरही लहानच असणार, असा आपला एक समज असतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे जो प्रश्न आला तो इतका लहान होता की प्रथम आम्हांला हसूच आले. एका जुन्या मोटारीतील इग्निशन कॉइल, म्हणजे पाणी पिण्याच्या पेल्याएवढा एक धातूचा डबा, कोठे बसवावा एवढेच ठरवायचे होते. परंतु ते ठरविताना दोन सख्ख्या भावांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले होते, आणि त्यांच्या मातोश्रींनी, "फादर, तुम्हांला गाड्यांतले कळते. तुम्हीच काय ते ह्या दोघांना सांगा," असे म्हणून तो प्रश्न आमच्या पदरात टाकला होता. त्या प्रश्नाने पुढे तीन आठवडे आमचा पिच्छा सोडला नाही. त्या चिंतनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या मोटारीविषयी. ह्या भावांचे वडील मोम्बासाच्या बंदरात नोकरीला होते. १९६४ साली ते मायदेशी परतले तेव्हा आपली मॉरिस मायनर १००० जहाजातून बरोबर घेऊन आले. ॲलेक इसिगोनिस ह्या अभियंत्याने रेखिलेली ही मोटार १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिच्या सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार होय. गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची ही गाडी आमच्या गावात दुसरी नव्हती. लग्नाच्या नवऱ्या तिच्यातून गेल्या, आजारी माणसे तिच्यातून गेली, आणि अखेरीस तिच्या मालकाच्या शवपेटीमागून ती स्वतः रिकामी चालत गेली.

वडिलांच्या पश्चात थोरले चिरंजीव कॅनडात स्थायिक झाले आणि गाडी धाकट्याकडे राहिली. धाकट्याने ती झाकून ठेवली नाही, चालविली. गेल्या वर्षी जुलैत तो आईला घेऊन रात्री घरी परतत असता महामार्गावर तासभर वाहतूक तुंबली. दिवे चालू, वायपर चालू, इंजिन मात्र जागच्या जागी मंद फिरत असलेले. ह्या गाडीत वीज निर्माण करण्यासाठी डायनॅमो असतो, आणि इंजिन मंद चालू लागले की डायनॅमो बॅटरी भरत नाही, ती उतरत जाते. दिवे पिवळे झाले, मग तांबूस झाले, आणि वाहतूक सुरू होताच चढावर गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकने अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक लावला. मागच्या सीटवर शहाऐंशी वर्षांची आई बसली होती. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर बसविण्याचा निश्चय केला. अल्टरनेटर मंद गतीलाही बॅटरी भरतो. त्या निश्चयाला नावे ठेवण्याची आमची तरी छाती नाही.

परंतु मॉरिस मायनरमध्ये इग्निशन कॉइल बसते ती डायनॅमोच्या पाठीवर, एका लोखंडी पट्टीने आवळलेली. अल्टरनेटरच्या पाठीवर तशी सोय नसते, शिवाय तो स्वतःच बराच तापतो. डायनॅमो निघाला आणि कॉइल बेघर झाली. नेमके तेव्हाच थोरले बंधू सुटीवर आले, त्यांनी बॉनेट उघडले, आणि म्हणाले, "पप्पांनी जशी ठेवली होती तशी ही गाडी उरलेली नाही." तेथून पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखलेच असेल.

ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकावून पाहिले नसेल त्यांच्यासाठी कॉइलचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे. बॅटरीत असतात बारा व्होल्ट. प्लगच्या दोन टोकांमधील फटीतून ठिणगी उडवायची तर हजारो व्होल्ट लागतात. कॉइलच्या पोटात मऊ लोखंडाच्या गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काही शे वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड तारेतील प्रवाह पॉइंटांनी एकाएकी तोडला की गाभ्यातील चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उठते. ती डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला 'डेल्को' म्हणतात त्याकडे, आणि तेथून एकेका प्लगकडे जाते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा उभे राहते आणि शंभर वेळा कोसळते. हे सारे त्या मुक्या डब्यात चालते. गाडी धावत असताना त्याची कोणाला आठवणही होत नाही.

ह्या उपकरणाच्या जन्माशी आमच्यासारख्याचे एक आपुलकीचे नाते आहे. १८३१ साली मायकेल फॅरडेने विद्युत्‌-प्रवर्तनाचा नियम शोधला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८३६ साली, आयर्लंडमधील मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स कॉलेजात एका अध्यापकाने जाड आणि बारीक तारांची दोन वेटोळी एकाच लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळून पहिली प्रवर्तन-कॉइल तयार केली. ते होते फादर निकोलस कॅलन. मेनूथ ही धर्मगुरू घडविणारी संस्था, आणि कॅलन तेथे निसर्गतत्त्वज्ञान शिकवीत. पुढे पॅरिसमधील रुम्कॉर्फ नावाच्या कुशल यंत्रकाराने ह्याच तत्त्वावर उत्तम कॉइली बनवून विकल्या, त्याचेच नाव त्या उपकरणाला चिकटले, आणि तिसऱ्या नेपोलियनकडून त्याला पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिकही मिळाले. कॅलन १८६४ साली निवर्तले. विसाव्या शतकात संशोधकांनी कागदपत्रे चाळली तेव्हा कॅलन यांचा अग्रमान त्यांना परत मिळाला. तो मिळू शकला ह्याची कारणे दोन. त्यांनी आपले प्रयोग लिहून प्रसिद्ध केले होते, आणि त्यांची उपकरणे मेनूथमध्ये कोणीतरी टाकून न देता सांभाळली होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. कारण ती न सांगता दोन भावांना उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. आमच्या पहिल्या नेमणुकीच्या जागी, डोंगरपट्ट्यात, एक जुनी पेट्रोल जीप होती. पावसात बॉनेटच्या फटीतून पाणी नेमके कॉइलवर ठिबके आणि सकाळी गाडी सुरू होईना. तरुण वय, हाताला यंत्रांची थोडी सवय, आणि मिस्त्री चाळीस किलोमीटर दूर. आम्ही कॉइल काढून इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला बसविली. तेथे भोक तयार होते, पाना सहज फिरत होता, पाणी येत नव्हते. वीतभर अंतरावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे हे आम्हांला दिसत होते. परंतु दिसणे आणि मनावर घेणे ह्यांत अंतर असते. सारा पावसाळा जीप कुरकुर न करता चालली आणि आम्ही आपल्या कौशल्यावर संतुष्ट होतो.

एप्रिलमधल्या एका उष्ण रात्री अडलेली एक बाळंतीण घेऊन आम्ही तालुक्याच्या रुग्णालयाकडे निघालो. लांब चढावर इंजिन अडखळू लागले आणि थांबले. बॉनेट उघडून कॉइलला हात लावला तो बोटे भाजली. अति तापलेल्या कॉइलमध्ये तारेचा विरोध वाढतो, वेढ्यांमधील आवरण कच खाते आणि ठिणगी मरते. निवली की ती पुन्हा चालू लागते. आम्ही टॉवेल भिजवून कॉइलभोवती गुंडाळला आणि वाट पाहत बसलो. त्या बाईच्या सासूने फक्त एकदाच विचारले, "फादर, किती वेळ?" आम्हांला उत्तर देता आले नाही. चाळीस मिनिटांनी इंजिन सुरू झाले. बाई आणि मूल दोघेही वाचली, हे देवाचे उपकार. परंतु ती चाळीस मिनिटे आमची नव्हती. आमच्या हाताला सोपी पडलेली जागा आम्ही निवडली होती, आणि तिची किंमत जीपच्या मागच्या फळीवर कण्हत पडलेल्या एका परक्या बाईने मोजली.

तेव्हापासून आम्ही असे मानत आलो की जागेच्या निवडीत नीतीचा प्रश्न असतो तो येथे. निवडणारा एक असतो आणि त्या निवडीखाली राहणारा बहुधा दुसराच असतो.

म्हणून मॉरिसचे बॉनेट उघडून आम्ही दोघा भावांसह उभे राहिलो तेव्हा प्रथम कॉइलला स्वतःला काय हवे ते विचारले. तिला हवा गारवा. मॅनिफोल्डपासून जितके दूर तितके बरे, आणि थंड पत्र्याला घट्ट टेकून बसली तर तिची उष्णता पत्र्यात उतरते. तिला हवी स्थिरता. हादऱ्यांनी आतील बारीक तार आणि बाहेरचे सांधे दोन्ही झिजतात. तिला हवा कोरडेपणा. आणि तिच्यापासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार होता होईल तितकी आखूड हवी, इतर तारांपासून अलग हवी. कारण एवढ्या दाबाची वीज ओल, धूळ आणि चिरा ह्यांतून पळवाट शोधते. बॅटरीकडून येणारी बारीक तार लांब असली तरी फारसे बिघडत नाही.

ह्या मागण्या एकमेकींशी भांडतात, आणि तेथेच विचाराला सुरुवात होते. मॉरिसच्या इंजिनाला दोन बाजू आहेत: एका बाजूस कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड, दुसऱ्या बाजूस प्लग, डिस्ट्रिब्यूटर आणि डायनॅमो. थंड बाजूलाच इंजिनाच्या एखाद्या बोल्टाला पट्टी लावून कॉइल टांगली तर तार आखूड राहते आणि कोठे भोकही पाडावे लागत नाही. परंतु इंजिनाबरोबर ती दिवसभर थरथरत राहणार. मागच्या आडव्या भिंतीवर जागा दिसते, परंतु तेथे बॅटरी बसलेली. आतील मडगार्डचा पत्रा सर्वांत गार आणि सर्वांत स्थिर, तारेची लांबी थोडी वाढली तरी चालण्यासारखी. परंतु तेथे पट्टी बसवायची तर साठ वर्षांच्या अस्सल पत्र्याला दोन भोके पाडावी लागणार. धाकट्याच्या हातात ड्रिल होते. थोरल्यांनी त्याचा प्लग काढून घेतला होता.

थोरल्यांची बाजू केवळ भावनेची होती असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणाले, "फादर, आज डायनॅमो, उद्या ब्रेक, परवा इंजिन. मग पप्पांची गाडी कोणती राहिली?" हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची हकीकत सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते शतकानुशतके जपले, कुजलेली एकेक फळी काढून नवी बसविली, आणि तत्त्वज्ञ वाद घालीत राहिले की हे तेच जहाज की दुसरे. सतराव्या शतकात हॉब्जने त्या कोड्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे जहाज उभारले, तर खरे कोणते? आपल्याकडेही 'मिलिंदप्रश्न' ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे आस, की चाके, की जू? एकही नव्हे म्हटल्यावर रथ कोठे राहिला? नागसेनाचे उत्तर असे की ह्या सर्वांच्या मेळाला आपण 'रथ' हे नाव देतो.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो ते ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील. त्याने सांगितलेल्या दहा कोटींमध्ये 'स्थान' ही एक वेगळी कोटी आहे, आणि ती आगंतुक धर्मांत मोडते. वस्तू जागेवरून हलली म्हणून ती दुसरी वस्तू होत नाही. त्या न्यायाने कॉइल पाठीवरून मडगार्डवर गेली तरी मॉरिस ती मॉरिसच. थोरल्यांना आम्ही हे सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, आईची जेवायच्या टेबलावरची खुर्ची हलवली तर आई बदलत नाही. पण घर बदलते." ह्या उत्तराला ॲरिस्टॉटलकडेही तयार जबाब नसावा. स्थान हा वस्तूचा आगंतुक धर्म असेल; परंतु त्या वस्तूकडे पाहत वाढलेल्या माणसाच्या मनात तो आगंतुक राहत नाही. थोरल्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडले ते वडिलांच्या मांडीएवढ्या उंचीचे असताना, आणि त्यांना दाखविलेली पहिली वस्तू ती डायनॅमोवरची कॉइल होती.

म्हणून त्यांनी एक तोड काढली. परदेशात असा अल्टरनेटर मिळतो की ज्याचे बाहेरचे कवच हुबेहूब जुन्या डायनॅमोसारखे असते. तो मागवावा, कॉइल पूर्ववत त्याच्या पाठीवर बसेल, दिवेही मंदावणार नाहीत, आणि बॉनेट उघडणाऱ्याला काही बदलल्याचे कळणारही नाही. धाकटा उसळला, "म्हणजे दादा, आपण लोकांना फसवायचे?" आणि वाद कॉइलवरून सत्यावर आला.

ह्या मुद्द्यावर आम्ही बरेच दिवस अडलो. संत ऑगस्टिनने असत्याची मीमांसा करताना फसविण्याच्या हेतूवर बोट ठेवले आहे. कवच जुन्यासारखे असणे हे स्वतः असत्य नव्हे. लाकडी पायाला बूट घालणारा मनुष्य कोणाला फसवीत नसतो. परंतु येथे एक गोष्ट अशी होती की जी थोरल्यांच्या ध्यानात आली नव्हती. जुन्या मॉरिसमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. अल्टरनेटर बसविताना हे सामान्यतः उलटे करावे लागते, ऋण टोक सांगाड्याला येते. त्याबरोबर कॉइलवरच्या दोन बारीक तारांचीही अदलाबदल करावी लागते. कारण ठिणगी प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून निघाली तर कमी दाबात उडते, उलट दिशेने उडवायची तर बराच अधिक दाब लागतो. आता वीस वर्षांनी एखादा मिस्त्री हे बॉनेट उघडील, जुना डायनॅमो पाहील, जुने पुस्तक पाहील, आणि विश्वासाने बॅटरी जुन्या पद्धतीने जोडील. त्याच क्षणी अल्टरनेटरचे डायोड जळतील, आणि कदाचित तारांनाही आग लागेल. त्या मिस्त्रीने काहीच चूक केली नसेल. त्याने फक्त डोळ्यांना दिसले त्यावर विश्वास ठेवलेला असेल.

येथे आम्हांला प्रश्न उलगडल्यासारखा वाटला. जुने रूप राखण्यात दोष नाही. पुढच्या माणसाला जे जाणण्याचा अधिकार आहे ते त्याच्यापासून झाकून ठेवण्यात दोष आहे. आणि हाच दोष उघडपणे बसविलेल्या कॉइललाही लागू शकतो. धाकट्याने मडगार्डवर कॉइल सर्वांना दिसेल अशी लावली, परंतु तारांची अदलाबदल कोठे नोंदविली नाही, तर त्याचा उघडपणाही अर्धाच.

जुनी वाहने जपणाऱ्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली ट्युरिन येथील नावाने एक सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. आजच्या रस्त्यावर चालण्यासाठी बदल अटळच असतील तर ते कमीत कमी असावेत, पूर्ववत करता येतील असे असावेत, आणि काढलेले मूळ भाग वाहनाबरोबर सांभाळून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. त्यात मोठ्या फेरफाराची व्याख्या करताना सांगाडा, बाह्य शरीर आणि इंजिन ह्यांचा उल्लेख आहे. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. धाकट्याला आईला घेऊन फिरायचे होते, म्हणून त्या वाटेला तो गेला नव्हता. नियमाने कॉइलची जागा सांगितलेली नाही. नीतिशास्त्राचा पहिला धडा देताना ॲरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणे, विषय जितका काटेकोर तितकीच काटेकोर उत्तरे त्याच्याकडून मागावीत. आचाराच्या प्रश्नांत शेवटी विवेकालाच उभे राहावे लागते.

आम्ही त्या दोघांपुढे तीन प्रश्न ठेवले. पहिला: ही जागा गाडीत बसणाऱ्यांना रस्त्यात सोडणार नाही ना? दुसरा: ही जागा पुढच्या माणसाला खरे सांगते का? तिसरा: उद्या कोणाला हे सारे पूर्ववत करावेसे वाटले तर त्याची परतीची वाट आपण बंद तर करीत नाही ना? आमच्या जीपमधली जागा पहिल्याच प्रश्नाला नापास झाली असती. इंजिनाच्या बोल्टावरची टांगलेली पट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्याला उतरली असती, पण पहिल्याला डळमळली असती. डायनॅमोसारखा अल्टरनेटर, सोबत नोंद असेल तर, तिन्हींना उतरत होता. हे आम्ही धाकट्याला स्पष्ट सांगितले, जरी त्याला ते रुचले नाही. फक्त तो यायला तीन महिने लागणार होते, आणि डॉक्टरांकडे आईच्या पंधरवड्याच्या खेपा चालू होत्या. मडगार्डचा पत्रा पहिल्या दोहोंना उतरत होता. तिसऱ्याशी अडत होता. पाडलेले भोक बुजविता येते, न पाडलेले करता येत नाही.

ह्यानंतर जे घडले त्याचे श्रेय आम्हांला नाही. थोरले बंधू मडगार्डच्या पत्र्यावरून फडके फिरवीत होते. साठ वर्षांचे तेल आणि धूळ निघाली तेव्हा त्यांचे बोट एका जागी थांबले. पत्र्याला दोन भोके आधीच होती. हातड्रिलने पाडलेली, कडा किंचित वाकड्या, वर काळा रंग फासलेला. कारखान्याचे काम नव्हते ते. कशाची भोके, हे दोघांनाही सांगता येईना. आईंना विचारले. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पप्पांनी हॉर्न लावला होता मोठा. कसारा घाटासाठी. वळणावर ऐकू जात नाही म्हणायचे. मग शेजारच्यांनी तक्रार केली, काढून टाकला."

गॅरेजमध्ये काही वेळ कोणी बोलले नाही. जी गाडी वडिलांनी 'जशी होती तशी' ठेवली असे थोरले मानत होते, तिच्या पत्र्याला वडिलांनी स्वतःच्या हाताने भोके पाडली होती, आणि तीही बरोबर बसलेल्यांच्या सुरक्षिततेसाठी. वडिलांशी एकनिष्ठ राहायचे म्हणजे त्यांनी सोडलेल्या वस्तूशी, की ज्या काळजीने ते त्या वस्तूकडे पाहत त्या काळजीशी? आम्ही हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही. परंतु तेथे एक दुसरीही गोष्ट शिकण्यासारखी होती. वडिलांनी ती भोके कशासाठी पाडली हे कोठेही लिहून ठेवले नव्हते. आई नसत्या तर ते कोणालाच कळले नसते, आणि मुलांनी आपले वडील जसे होते तसे न ओळखता, मनात ठरविल्याप्रमाणेच जपले असते. फादर कॅलन यांना त्यांचा मान परत मिळाला तो त्यांनी लिहिले आणि कोणीतरी जपले म्हणून. लिहून ठेवणे हाही सत्यनिष्ठेचाच भाग आहे, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो नव्हतो.

कॉइल त्या दोन भोकांवर बसली. अंतर थोडे जुळेना, म्हणून पट्टीचे छिद्र कानशीने लांबविले. पत्र्याला हात लावला नाही. जाड तार सुमारे वीतभर लांब झाली, तिला इतर तारांपासून दूर रबरी चिमट्यात धरले. डायनॅमो पुसून, तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात ठेवला. इंजिन सुरू झाले तेव्हा धाकटा हसला. थोरले हसले नाहीत. डायनॅमो जेथे असे तेथे ते पाहत राहिले आणि म्हणाले, "मला अजून तिथे बघवत नाही." आम्ही त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. योग्य निर्णयातही काहीतरी गमावावे लागते, आणि गमावलेल्याला गमावलेले म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असला पाहिजे.

कॅनडाला परतण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एका जाड कागदावर स्वतःच्या वळणदार अक्षरात एक नोंद लिहिली, प्लास्टिकमध्ये घालून ती डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवली, आणि तिची एक प्रत आमच्याकडे आणून दिली. तिच्यात तारीख आहे; डायनॅमो काढल्याचे कारण आहे; बॅटरीचे ऋण टोक आता सांगाड्याला आहे हे तांबड्या शाईने लिहिले आहे; कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल आकृती काढून दाखविली आहे; मडगार्डवरची दोन भोके पप्पांनी कसारा घाटातील हॉर्नसाठी पाडली होती हेही आहे. सर्वांत खाली एक ओळ आहे: "कोणाला पूर्ववत करायचे असल्यास डायनॅमो, कॉइलची जुनी पट्टी आणि तिचे बोल्ट माळ्यावरच्या लाकडी खोक्यात आहेत."